एकच स्टेशन दोन जागी का लागतं? नको असलेल्या सिग्नलचा माग कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुना, काट्याचा शॉर्टवेव्ह संच, आयएफ (संचाच्या आतली पक्की फ्रिक्वेन्सी, पुढे येईलच) ४५५ किलोहर्ट्झ. ९,७०० किलोहर्ट्झवरचं एक दणदणीत स्टेशन ८,७९० च्या आसपासही ऐकू येतं. वीस मीटर लांब तार बाहेर ताणून अँटेना म्हणून जोडल्यापासून दिवसा छान चालतं, पण रात्री ७,१०० वर, जिथे पूर्वी हॅम मंडळींचे (हौशी रेडिओवाल्यांचे) बारीक आवाज नीट कळायचे, तिथे भाषण आणि गाणं एकत्र कालवल्यासारखं काहीतरी येतं. संच बिघडलाय का? आणि प्री-अँप्लिफायर, म्हणजे संचाआधी सिग्नल वाढवणारा डबा, लावला तर ते बारीक आवाज वर येतील का?

संच बिघडलेला नाही. प्री-अँप्लिफायर मात्र लावू नका, त्याने दुखणं वाढेल. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन वेगळी दुखणी आहेत. ८,७९० वरचा पाहुणा एका कारणाने येतो, ७,१०० वरची कालवाकालव दुसऱ्याच कारणाने, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. मी बरीच वर्षं रिसीव्हर दुरुस्त करतो आणि जुळवून देतो. ‘नको ते ऐकू येतं’ अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: हा सिग्नल जन्माला कुठे आला? हवेतूनच तसा आला, वाटेत तयार झाला, की तुमच्या संचाच्या पोटात तयार झाला? याचं उत्तर मिळेपर्यंत पेचकस हातात घेऊ नये.

आधी तारेवर काय येतं ते पाहू. अँटेना निवड करत नाही. त्या वीस मीटर तारेवर एकाच क्षणी मिडियम वेव्ह, सगळे शॉर्टवेव्ह बँड, शेकडो किलोमीटरवर कडाडणारी वीज आणि घरातल्या चार्जरची भुणभुण असं सगळं एकत्र नाचत असतं. फ्रिक्वेन्सी म्हणजे सेकंदाला किती हेलकावे, एवढंच. ७,१०० किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ७१ लाख. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते, म्हणून ७.१ मेगाहर्ट्झची लहर साधारण ४२ मीटरची.

आता ताकदीतली तफावत बघा, कारण सगळ्या दुखण्यांचं मूळ तिच्यात आहे. एस-मीटर म्हणजे संचावरचा सिग्नलची ताकद दाखवणारा काटा, आणि डेसिबल हे ताकदीच्या प्रमाणाचं माप. शॉर्टवेव्हवर एस-मीटरचा एस-९ म्हणजे संचाच्या ५० ओहमच्या तोंडाशी ५० मायक्रोव्होल्ट, आणि खालचा प्रत्येक एस-अंक ६ डेसिबलचा, म्हणजे व्होल्टेज निम्मं. तुमचा हॅम मित्र एस-३ ने येत असेल तर त्याचे ०.८ मायक्रोव्होल्टसुद्धा होत नाहीत. रात्री एस-९ वर आणखी ४० डेसिबल दाखवणारं प्रसारण स्टेशन ५ मिलिव्होल्ट देतं. म्हणजे सहा हजार पटींहून जास्त. एका कानात कुजबुज, दुसऱ्या कानात ढोल, आणि आपली अपेक्षा अशी की कुजबुज नीट कळावी.

अगदी सुरुवातीचे रिसीव्हर हे काम सरळ मार्गाने करत. कॉइल आणि कपॅसिटरची जोडी हव्या त्या फ्रिक्वेन्सीला जुळवायची, असे दोन-तीन टप्पे एकापुढे एक लावायचे. अडचण अशी की अशा जोडीची निवडशक्ती तिच्या ‘क्यू’वर, म्हणजे तिच्यात ऊर्जा किती कमी वाया जाते हे सांगणाऱ्या आकड्यावर, अवलंबून असते, आणि तिच्यातून जाणारा पट्टा म्हणजे फ्रिक्वेन्सी भागिले क्यू. क्यू १०० धरला तर १ मेगाहर्ट्झला १० किलोहर्ट्झचा पट्टा मिळतो, म्हणजे एका स्टेशनापुरता. तीच जोडी १० मेगाहर्ट्झला १०० किलोहर्ट्झचा पट्टा आत सोडते, आणि तेवढ्यात शॉर्टवेव्हची वीसेक स्टेशनं बसतात.

यावर १९१८ साली एडविन आर्मस्ट्राँग यांनी काढलेला तोडगा म्हणजे सुपरहेटरोडाइन. फ्रान्समध्ये लुसियाँ लेव्ही यांनीही त्याच सुमारास हीच वाट शोधली होती. हव्या स्टेशनच्या मागे फिल्टर हलवत नेण्याऐवजी फिल्टर एका जागी पक्का ठेवायचा आणि स्टेशनलाच उचलून त्या जागी आणायचं. त्यासाठी संचात एक छोटा ऑसिलेटर असतो. त्याची लहर आणि अँटेनाचा सिग्नल मिक्सरमध्ये एकत्र आले की त्यांच्या फ्रिक्वेन्सीची वजाबाकी तयार होते. ही वजाबाकी म्हणजे इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी, आपली रोजच्या बोलण्यातली आयएफ. काटा कुठेही फिरवा, वजाबाकी कायम ४५५ च राहावी म्हणून ऑसिलेटर काट्याबरोबर फिरतो. गाळण्याचं काम त्या पक्क्या ४५५ वर होतं, तिथे अरुंद आणि कडक फिल्टर बसवता येतो.

आणि इथेच तुमच्या ८,७९० चा उगम आहे. काटा ८,७९० वर आहे तेव्हा ऑसिलेटर ४५५ ने वर, म्हणजे ९,२४५ वर चालतोय. ९,२४५ वजा ८,७९० बरोबर ४५५. पण ९,७०० वजा ९,२४५ हेही ४५५ च. मिक्सरला फक्त फरक कळतो, सिग्नल ऑसिलेटरच्या वरचा की खालचा हे त्याला कळत नाही. एकदा दोन्ही ४५५ वर येऊन बसले की पुढचा फिल्टर कितीही कडक असो, त्यांना वेगळं करू शकत नाही. या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीला इमेज म्हणतात, आणि ती खऱ्या काट्यापासून नेहमी आयएफच्या दुप्पट, म्हणजे ९१० किलोहर्ट्झ दूर असते. तुमच्या दोन जागांमधलं अंतर मोजा: ९,७०० वजा ८,७९०. निदान झालं.

मग मिक्सरच्या आधी जी एक ट्यून केलेली कॉइल असते ती काय करते? करते, पण कुठे किती ते पाहण्यासारखं आहे. एकच कॉइल, क्यू ५० धरू. मिडियम वेव्हवर ६०० किलोहर्ट्झला लावलं तर इमेज १,५१० वर पडते, अडीचपट दूर. तिथे ती कॉइल इमेजला सुमारे ४० डेसिबलने खाली ढकलते, व्होल्टेज शंभरावा भाग. छान काम. तीच कॉइल, तोच क्यू, ८,७९० वर न्या. आता इमेज ९,७०० वर, म्हणजे जेमतेम दहा टक्के दूर. दाब मिळतो सुमारे २० डेसिबलचा. १५ मेगाहर्ट्झवर तर १५-१६ डेसिबलच. म्हणून एस-९ वर ४० असलेलं तुमचं स्टेशन ८,७९० वर एस-९ वर २० म्हणून दिसतं, म्हणजे तरीही दणदणीतच. एका आयएफच्या संचाकडून यापेक्षा जास्त मागता येत नाही. ही रचनेची मर्यादा आहे, बिघाड नव्हे. मात्र मधल्या ट्रिमर-पॅडरची, म्हणजे कॉइल आणि ऑसिलेटर काट्याशी जुळवणाऱ्या छोट्या कपॅसिटरांची, जुळवणी सरकलेली असेल तर हे २० चे १० सुद्धा होतात. त्यामुळे संच जुना असेल तर एकदा जुळवून घ्यायला हरकत नाही.

इमेज ओळखायची आणखी एक खूण आहे आणि ती मला फार आवडते, कारण तिला कुठलंही उपकरण लागत नाही. बीएफओ (आयएफच्या शेजारी चालणारा आतला दुसरा ऑसिलेटर) चालू करा, म्हणजे स्टेशनच्या कॅरिअरची, मजकूर वाहणाऱ्या मूळ लहरीची, शिट्टी ऐकू येईल. ९,७०० वर काटा वरच्या दिशेने हलवताना शिट्टीचा सूर कसा बदलतो ते ऐका, मग ८,७९० वर त्याच बाजूने तसंच करा. एका ठिकाणी सूर चढत असेल तर दुसऱ्या ठिकाणी उतरेल. इमेज उलटी असते, आरशातल्यासारखी. एसएसबीच्या, म्हणजे कॅरिअरच्या एकाच बाजूचा पट्टा पाठवणाऱ्या बोलण्याच्या, बाबतीत तर अप्पर साइडबँडचं बोलणं इमेजवर लोअर होऊन येतं.

हे सगळं कागदावरचं वाटत असेल तर दोन साधे, काट्याचे मिडियम वेव्ह संच एकमेकांशेजारी ठेवा. पहिला ६०० किलोहर्ट्झवर लावा आणि त्याचा आवाज अगदी बंद करा. दुसरा १,०५५ च्या आसपास, जिथे स्टेशन नाही अशा जागी फिरवत न्या. एका ठिकाणी खरखर अचानक दबेल, किंवा मागे एखादं बारीक स्टेशन असेल तर शिट्टी येईल. आता पहिल्या संचाचा काटा किंचित हलवा, दुसऱ्यातली ती शांत जागा सरकेल. तुम्ही जे ऐकलंत तो पहिल्या संचाचा ऑसिलेटर, ६०० अधिक ४५५. तो थोडासा बाहेरही सांडतो. नव्या चिपवाल्या संचांत आयएफ फार खालची असते, त्यांच्यावर हे आकडे जमणार नाहीत. मी ज्यांना ज्यांना रिसीव्हर शिकवला त्यांना पहिल्या दिवशी हेच करायला लावलं. आकृती दहा वेळा काढून जे डोक्यात शिरत नाही ते या दोन संचांनी पाच मिनिटांत शिरतं.

आयएफ कुठे ठेवायची ही मग खरी ओढाताण. खाली ठेवली तर अरुंद फिल्टर सोपा, पण इमेज खेटून बसते. वर ठेवली तर इमेज लांब जाते, पण अरुंद फिल्टर अवघड होतो. एफएमवाल्यांनी १०.७ मेगाहर्ट्झ निवडली त्याचा हिशेब बघा: दुप्पट २१.४, आणि ८८ ते १०८ हा बँड २० मेगाहर्ट्झचा. म्हणजे एफएमचं एक स्टेशन दुसऱ्या एफएम स्टेशनची इमेज होऊच शकत नाही. बँडबाहेरचं मात्र होऊ शकतं. ऑसिलेटर वरच्या बाजूला असेल तर १०० वर लावलेल्या संचाची इमेज १२१.४ ला पडते, आणि तिथे विमानांचं बोलणं चालतं. विमानतळाजवळ साध्या एफएम संचावर वैमानिकाचा अस्पष्ट आवाज येतो तो असा. चांगल्या शॉर्टवेव्ह संचांनी यावर दोन आयएफ वापरल्या. आधी सिग्नल ४५ किंवा ७० मेगाहर्ट्झसारख्या उंच जागी न्यायचा, म्हणजे इमेज पार बँडबाहेर जाते, आणि मग ४५५ वर आणून बारीक गाळायचा.

आता ७,१०० वरची कालवाकालव. हे दुखणं वेगळं, आणि माझ्या मते जास्त शिकण्यासारखं.

कुठलाही अँप्लिफायर किंवा मिक्सर लहान सिग्नलला सरळ वागतो: आत दुप्पट, बाहेर दुप्पट. सिग्नल मोठा झाला की हा सरळपणा संपतो, त्याची रेघ वाकते. वाकलेल्या रेघेतून दोन जोरदार सिग्नल एकत्र गेले की ते एकमेकांत मिसळतात आणि आधी अस्तित्वात नसलेल्या फ्रिक्वेन्सी जन्माला घालतात. याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात. त्यातली सर्वात छळणारी जात म्हणजे एकाची दुप्पट वजा दुसरा. ७,२५० आणि ७,४०० वर दोन तगडी प्रसारणं असतील तर ७,२५० ची दुप्पट १४,५००, त्यातून ७,४०० गेले, उरले ७,१००. अगदी तुमच्या हॅम मित्राच्या डोक्यावर. त्यात दोन्ही स्टेशनांचा मजकूर असतो, म्हणून भाषण आणि गाणं एकत्र. रात्री ७,२०० ते ७,४५० या पट्ट्यात प्रसारणांची गर्दी असते, त्यामुळे अशा जोड्या एक-दोन नव्हे, डझनांनी जमतात.

दुसरी जात साध्या बेरजेची: ६,००० अधिक ९,७०० म्हणजे १५,७००. रात्रीच्या दोन गजबजलेल्या बँडांची ही बेरीज थेट १९ मीटर बँडात पडते. लांब तार लावल्यावर ‘बँड भरून गेला’ असं जे लोक आनंदाने सांगतात, त्यात बरीच स्टेशनं ही अशी संचातच जन्मलेली असतात.

तार लांब केल्याने नेमकं काय झालं? संचाच्या पहिल्या टप्प्याला एक स्टेशन दिसत नाही, सगळ्यांची बेरीज दिसते. एस-९ वर ३० ची वीस स्टेशनं एकत्र आली तर एकूण ताकद एकट्यापेक्षा १३ डेसिबलने जास्त. अशा वेळी रेघ वाकणारच.

पण याच वाकण्यात निदानाची किल्ली आहे. सिग्नल १० डेसिबलने कमी केले की तिसऱ्या प्रतीची मिसळण, म्हणजे दुप्पट वजा एक ही जात, १० ने नव्हे, ३० डेसिबलने पडते. बेरजेची जात २० ने पडते. खरा सिग्नल १० नेच. म्हणून अँटेना आणि संच यांच्यामध्ये ६ डेसिबलचा ॲटेन्युएटर (सिग्नल ठराविक प्रमाणात कमी करणारा डबा) घाला आणि एस-मीटर बघा. एक अंक पडला तर सिग्नल खरोखर त्या फ्रिक्वेन्सीचा आहे किंवा इमेज आहे. तीन अंक पडला तर तो तुमच्या संचात जन्मला. एस-मीटर फार नेमके नसतात, जुन्या संचांतले तर अजिबात नेमके नसतात, पण एक आणि तीन यांतला फरक कानालाही कळतो. इमेज या परीक्षेत खऱ्यासारखीच वागते हे लक्षात ठेवा. तिच्यासाठी ९१० ची परीक्षा.

मी स्वतः कुठल्याही नव्या जागी संच मांडला की रात्री सर्वात आधी ॲटेन्युएटर चालू करून बघतो. अनेकदा १० डेसिबल घालताच ७ मेगाहर्ट्झचा तळ एकदम स्वच्छ होतो आणि बारीक आवाज वर येतात. सिग्नल कमी करून जास्त ऐकू येतं हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. बटण दाबून दाखवावं लागतं.

इथे एक अपवाद सांगितला पाहिजे, कारण तो खरोखर विलक्षण आहे. १९३३ साली नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला बेर्नार्ड तेलेगेन यांच्या लक्षात आलं की स्वित्झर्लंडचं बेरोम्युन्स्टर स्टेशन ऐकताना मागे रेडिओ लक्झेंबर्गचा कार्यक्रम ऐकू येतो, आणि दोघांच्या फ्रिक्वेन्सी तर एकमेकींपासून कितीतरी दूर. संचाचा दोष नव्हताच. लक्झेंबर्गच्या ताकदवान लहरी आयनावरणातले (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातले) इलेक्ट्रॉन तापवत होत्या आणि तिथून जाणाऱ्या दुसऱ्या स्टेशनच्या लहरींवर आपली छाप उमटवत होत्या. मिसळण आकाशातच झाली होती. अशा वेळी ॲटेन्युएटर काही करू शकत नाही. जमिनीवरही वाटेत मिसळण होते: गंजलेला पन्हाळीचा जोड, सैल झालेला अँटेनाचा बोल्ट, दोन पत्र्यांची गंजलेली टेकण, हे सगळे कच्चे डायोडच असतात. जवळ ताकदवान प्रक्षेपक असेल तर ते मिसळण करून पुन्हा हवेत सोडतात. पाऊस पडल्यावर त्रास बदलत असेल तर गंजावर संशय घ्या.

आता प्री-अँप्लिफायर. तो नको म्हणतो त्याचं कारण आकड्यांत आहे. खोलीच्या तापमानाला कुठल्याही रोधात इलेक्ट्रॉनच्या हालचालीने जो गोंगाट असतो तो दर हर्ट्झला उणे १७४ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेतले डेसिबल). एसएसबीच्या २.४ किलोहर्ट्झ पट्ट्यात तो सुमारे उणे १४० होतो. याच्या खाली कुणालाच जाता येत नाही. पण ७ मेगाहर्ट्झवर अँटेनातून येणारा बाहेरचा गोंगाट याच्या कितीतरी वर असतो: शांत, मोकळ्या भागात साधारण ३० डेसिबल वर, दाट वस्तीत ५० च्या आसपास. तुमचा संच स्वतः १५ डेसिबलचा गोंगाट घालत असला तरी तो बाहेरच्या गोंगाटाखाली बुडालेला असतो. प्री-अँप्लिफायर हवा तो सिग्नल आणि बाहेरचा गोंगाट दोघांनाही सारखाच वर उचलतो, आणि १० डेसिबल उचलताना संचातली मिसळण ३० ने वाढवतो. हवं-नको यांचं प्रमाण तसूभर सुधारत नाही.

खात्री करायची असेल तर रिकाम्या जागी काटा ठेवून अँटेना काढा. खरखर ठळकपणे कमी झाली तर संच पुरेसा संवेदनशील आहे, विषय संपला. व्हीएचएफ आणि त्याच्या वर चित्र उलटं होतं. तिथे आकाश शांत असतं, म्हणून अँटेनाजवळच चांगला प्री-अँप्लिफायर खरोखर उपयोगी पडतो.

बाहेरच्या गोंगाटाचा माग धीराने काढला तर काय हाती लागू शकतं याचं उदाहरण कार्ल जान्स्की यांचं आहे. अटलांटिकपारच्या रेडिओ-टेलिफोनला कसला गोंगाट त्रास देतो हे शोधायचं काम बेल लॅबोरेटरीजने त्यांना दिलं होतं. त्यांनी २०.५ मेगाहर्ट्झची, फिरणारी अँटेना बांधली आणि गोंगाटाचे तीन प्रकार वेगळे केले: जवळची वादळं, दूरची वादळं, आणि एक संथ, सतत येणारी सरसर. ती सरसर दर २३ तास ५६ मिनिटांनी त्याच जागी परत येत होती. दिवस २४ तासांचा, पण ताऱ्यांच्या मानाने पृथ्वीची फेरी २३ तास ५६ मिनिटांची. सिग्नल आकाशगंगेतून येत होता. १९३३ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं, आणि रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात तिथून धरतात. दिशा आणि वेळ, या दोनच गोष्टी त्यांनी नीट लिहून ठेवल्या होत्या.

घरातला गोंगाटही असाच शोधतात. माझ्याकडे एकदा रोज रात्री दर ६० किलोहर्ट्झला एक, अशी भुणभुणणारी पट्ट्यांची रांग दिसायला लागली. मी संच बॅटरीवर घेतला आणि घराचा मेन स्विच बंद केला. रांग गायब. मग एकेक सर्किट चालू करत गेलो आणि शेवटी एका सॉकेटपाशी पोचलो. तिथे एक छोटा अडॅप्टर नुसताच खोचलेला होता, त्याला पुढे काहीही जोडलेलं नव्हतं. उपसला, बँड स्वच्छ. असा गोंगाट अनेकदा अँटेनाच्या तारेवर न येता केबलच्या बाहेरच्या जाळीवरून चालत येतो. त्यासाठी संचाजवळ केबलचे दहाएक वेढे शॉर्टवेव्हला चालणाऱ्या मोठ्या फेराइट कड्यातून घ्यायचे. ३१ नंबरचं मिश्रण याला चांगलं. मेन बंद करूनही गोंगाट राहिला तर तो बाहेरचा. तेव्हा छोटी लूप अँटेना हातात घेऊन फिरवा. जिकडे आवाज सर्वात कमी होतो ती दिशा फार नेमकी असते, जास्तीत जास्त आवाजाची दिशा तितकी नेमकी नसते.

दोन गोष्टी धावत सांगतो, कारण त्या फसवतात. ऑसिलेटर हा एक सूर नसतो, त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक सरसरीचा पदर असतो. शेजारी जोरदार सिग्नल असला की तो या पदराशी मिसळून तुमच्या फिल्टरमध्ये नुसती सरसर ओततो. फिल्टर बदलून हे जात नाही, स्वच्छ ऑसिलेटरच लागतो. आणि एजीसी (सिग्नल पाहून संचाचा गेन, म्हणजे वाढ, आपोआप कमी-जास्त करणारी सोय): शेजारचा तगडा सिग्नल फिल्टरच्या कडेतून जरा आत आला तरी एजीसी गेन खाली ओढतो आणि हवा तो आवाज शेजाऱ्याच्या तालावर वरखाली होतो. एजीसी बंद करून आरएफ गेन (पहिल्या टप्प्यांची वाढ) हाताने कमी केला की लगेच कळतं. जुन्या लोकांना ही सवयच होती: आवाज पूर्ण उघडा, आरएफ गेन हाताने.

संगणकाला जोडायच्या सॉफ्टवेअर रेडिओबद्दल कुणी विचारेल म्हणून तेही. तिथे इमेजच्या जागी दुसरं भूत असतं. स्वस्त डोंगल (संगणकात खोचायचा छोटा रिसीव्हर) थेट सॅम्पलिंगवर, म्हणजे मिक्सर टाळून, २८.८ मेगाहर्ट्झने नमुने घेतं, म्हणून १४.४ च्या वरचं सगळं दुमडून खाली येतं. २१.६ वरचा सिग्नल ७.२ वर दिसतो, कारण २८.८ वजा २१.६ बरोबर ७.२. शिवाय त्याच्या आठ बिटांत मावते साधारण ४८ डेसिबलची तफावत, प्रत्येक बिटाला सहा. वर आपण एस-३ आणि एस-९ वर ४० यांच्यात सहा हजार पटींची, म्हणजे ७६ डेसिबलची तफावत पाहिली. सॉफ्टवेअर नंतर फिल्टर करून थोडी भर घालतं, पण मोजणारा भागच एकदा तुंबला की पुढचं सॉफ्टवेअर कितीही हुशार असो, हरवलेलं परत आणू शकत नाही. उपाय तोच जुना: आधी कॉइल, मग बाकीचं.

तर तुमच्या संचासाठी करायचं काय. एक प्रीसिलेक्टर, म्हणजे संचाआधी लावायची कॉइल-कपॅसिटरची गाळणी, बांधा. २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीवर तेवढ्याच लांबीत २० वेढे गुंडाळले की सुमारे साडेसहा-सात मायक्रोहेन्री मिळतात. त्याला ३६५ पिकोफॅरडचा गँग (फिरवून बदलता येणारा) कपॅसिटर समांतर जोडा, म्हणजे साधारण सव्वातीन ते पावणेदहा मेगाहर्ट्झ झाकले जातील. अँटेना आणि संच दोन्ही या कॉइलला थेट टोचू नका. दोघांसाठी तिच्या जमिनीकडच्या टोकावर दोन-दोन, तीन-तीन वेढ्यांच्या वेगळ्या गुंडाळ्या करा. थेट जोडलं की क्यू मरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. धातूच्या डब्यात बसवा, नाहीतर सिग्नल डब्याला वळसा घालून संचात शिरेल.

जोडणीनंतर क्यू ७० जरी उरला तरी ७,१०० वर लावल्यावर ७,२५० सुमारे १० डेसिबलने आणि ७,४०० सुमारे १५ ने दबतं. हे कमी वाटेल. पण मिसळणीत ७,२५० दोनदा मोजलं जातं: दहा, दहा आणि पंधरा, म्हणजे संचात जन्मणारं ते भूत ३५ डेसिबलने खाली. हवा तो सिग्नल मात्र थोडासाच घटतो. एवढ्यानेही रात्री पुरलं नाही तर सोबत ६ किंवा १० डेसिबलचा ॲटेन्युएटर.

८,७९० साठी तोच डबा ८,७९० वर लावा. संचाच्या कॉइलचे २० डेसिबल आणि याचे वीसेक, असं मिळून ९,७०० ची इमेज एस-९ च्या आसपास उतरेल. पुसली जाणार नाही, पण तिच्याखाली खरं काही असेल तर ते कळायला लागेल. बांधायच्या आधी आणि नंतर, एकाच रात्री, एकाच तासाला ७,१०० आणि ८,७९० या दोन्ही जागी एस-मीटर किती दाखवतो ते वहीत लिहा. ॲटेन्युएटर असताना आणि नसताना, असे आठ आकडे होतील. ते कळवा, म्हणजे तुमच्या संचाची अंतर्गत जुळवणी करायला घ्यावी लागेल की नाही ते त्यावरून सांगता येईल.